मापाची सायकल

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण सायकलवरून शाळेत येतात. नवी सायकल घेताना आपण तिचा रंग पाहतो, घंटी वाजवून पाहतो आणि किंमत विचारतो. दुकानदार आपल्या उंचीकडे एक नजर टाकतो आणि वीस, बावीस किंवा चोवीस इंची सायकल पुढे करतो. सीट थोडी वर-खाली केली की काम भागते.

पण ईदसाठी कुर्ता शिवायचा असला म्हणजे तुम्ही कोठे जाता? शिंप्याकडे. तो टेपने खांदा मोजतो, छाती मोजतो, बाहीची लांबी मोजतो आणि वहीत आकडे लिहून ठेवतो. तुमच्या मापाचा कुर्ता तुमच्या भावाला नीट बसत नाही. सायकलही अशीच अंगाच्या मापाने बनवता येते, असे कोणी सांगितले तर तुम्हांला आश्चर्य वाटेल. इटली देशात मिलान शहराच्या परिसरात असे सायकल बनवणारे उस्ताद होऊन गेले. त्यांच्या कामाची ही माहिती आहे.

मिलान हे इटलीच्या उत्तरेकडील कारखान्यांचे मोठे शहर. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील साध्या माणसाला मोटार परवडत नसे. कामगार, गवंडी, शेतकरी सायकलवरूनच कामाला जात. सुट्टीच्या दिवशी सायकलींच्या शर्यती होत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी लोटे. १९०९ साली मिलानच्या एका क्रीडा-वृत्तपत्राने साऱ्या इटलीतून जाणारी मोठी शर्यत सुरू केली. तिचे नाव 'जिरो'. १३ मे रोजी १२७ स्पर्धक मिलानहून निघाले. जागोजागी मुक्काम करीत त्यांना सुमारे अडीच हजार किलोमीटर अंतर तोडायचे होते. शर्यत पूर्ण करून मिलानला परत पोहोचले फक्त ४९. त्यांत पहिला आला ल्वीजी गान्ना. तो कोण होता, ठाऊक आहे? तो एक गवंडी होता! कामासाठी दूरवर सायकल चालवून चालवून त्याचे पाय तयार झाले होते. पुढे त्याने स्वतःच्या नावाचा सायकलींचा कारखाना काढला. ते वृत्तपत्र गुलाबी कागदावर छापले जाते. म्हणून १९३१ सालापासून या शर्यतीत आघाडीवर असलेला स्पर्धक गुलाबी सदरा घालतो.

जेथे चांगले गाणारे असतात, तेथे चांगली वाद्ये बनवणारेही तयार होतात. सायकलींचेही तसेच झाले. १९३५ साली मिलानमध्ये विगोरेल्ली नावाचे मैदान बांधले गेले. तेथे सायकल शर्यतीसाठी लाकडी फळ्यांची गोल धावपट्टी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर याच मैदानाच्या गॅलरीखाली फालिएरो मासी यांनी आपली कार्यशाळा थाटली. वर स्पर्धक सराव करत आणि खाली मासी त्यांच्या सायकली घडवत. काही अडचण आली की स्पर्धक सायकल घेऊन थेट खाली येई. मासी स्वतः तरुणपणी शर्यतीत उतरले होते. त्यामुळे स्पर्धकाचे दुखणे त्यांना चटकन कळे. ते प्रत्येकाच्या मापाने सायकल बनवत, म्हणून लोक त्यांना 'शिंपी' म्हणत.

आता हे काम कसे चालते, ते पाहू. कारागीर प्रथम स्वाराच्या पायांची, धडाची आणि हातांची लांबी मोजतो. त्यावरून सायकलच्या फ्रेमचा आराखडा काढतो. फ्रेमसाठी पोलादाच्या पातळ नळ्या लागतात. मिलानच्याच 'कोलंबस' कंपनीच्या एका प्रसिद्ध प्रकारात नळीचा पत्रा टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ मिलिमीटर जाड असे. सांध्याजवळ जास्त जोर येतो, म्हणून तेथे पत्रा जाड ठेवायचा. मध्यभागी तो पातळ ठेवला की वजन कमी होते.

नळीचे टोक कानशीने असे घासतात, की ते दुसऱ्या नळीच्या गोलाईवर अगदी नीट बसावे. मग दोन्ही नळ्या पोलादाच्या एका छोट्या जोडतुकड्यात बसवतात. त्या जागेवर गॅसची ज्योत धरतात आणि पितळेची कांडी टेकवतात. पितळ वितळून पाण्यासारखे फटीत शिरते आणि थंड झाल्यावर सांधा पक्का होतो. ऐकायला हे सोपे वाटते. पण उष्णता कमी पडली तर पितळ आतपर्यंत पोहोचत नाही आणि जास्त झाली तर पातळ नळी कमजोर होते. तापलेल्या पोलादाचा रंग पाहून ज्योत केव्हा बाजूला घ्यायची, हे कारागिराची नजरच ठरवते. हे कसब उस्तादाजवळ उभे राहून, वर्षानुवर्षे काम करूनच येते.

मुलांनो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. सांधा तयार झाल्यावर त्यावर रंग चढतो. पितळ आतपर्यंत पोहोचले की नाही, हे मग कोणालाच दिसत नाही. ते फक्त कारागिराला ठाऊक असते. पण डोंगराच्या उतारावर स्पर्धकाची सायकल ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने धावते. त्या वेळी सांधा निखळला तर स्वाराच्या जिवावर बेतते. स्वाराला कारागिराच्या इमानदारीवरच भरवसा ठेवावा लागतो.

एर्नेस्तो कोल्नागो हे असेच एक नामवंत कारागीर. मिलानजवळच्या कांबियागो गावात एका शेतकऱ्याच्या घरी १९३२ साली त्यांचा जन्म झाला. लहान वयातच ते सायकलच्या कारखान्यात कामाला लागले आणि १९५४ साली त्यांनी गावात स्वतःचे छोटेसे दुकान काढले. त्या सुमारास फिओरेंझो मान्यी या प्रसिद्ध स्पर्धकाचा पाय दुखत होता. दोन्ही पॅडलचे दांडे, म्हणजे क्रँक, एका सरळ रेषेत नाहीत, हे कोल्नागो यांनी ओळखले. त्यांनी क्रँकची पिन घासून नीट बसवली आणि मान्यींचे दुखणे थांबले, अशी हकिकत ते सांगत. मान्यींनी या तरुण कारागिराला आपल्या चमूबरोबर घेतले. १९५५ सालची जिरो शर्यत मान्यींनीच जिंकली.

बेल्जियमचे एडी मर्क्स यांनी २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको शहरात एका तासात ४९ किलोमीटर ४३१ मीटर अंतर कापून विश्वविक्रम केला. त्यांची सायकल कोल्नागो यांनी बनवली होती. तिचे वजन सहा किलोपेक्षाही कमी होते. वजन घटवण्यासाठी साखळीच्या कड्यांनासुद्धा बारीक भोके पाडलेली होती! पण त्या सायकलवर दुसऱ्याच कंपनीचे नाव रंगवलेले होते. मासी यांनी बनवलेल्या कित्येक सायकलींचेही असेच झाले. पैसे देणाऱ्या कंपनीचे नाव जगाने वाचले. सायकल कोणाच्या हातची आहे, हे मात्र जाणकार स्वारांना माहीत असे.

ही विद्या इटलीपुरती राहिली नाही. जपानचे योशिआकी नागासावा इटलीत आले आणि तेथील उस्तादांजवळ शागीर्द म्हणून राहिले. मायदेशी परतल्यावर त्यांनी कोइची नाकानो या स्पर्धकासाठी सायकली बनवल्या. नाकानो १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे वेगाच्या शर्यतीत जगज्जेते ठरले.

आज शर्यतीच्या बहुतेक सायकली कार्बनच्या धाग्यांपासून कारखान्यांत तयार होतात. त्या वजनाला फार हलक्या असतात. तरीही इटलीत आणि इतर देशांत पोलादाच्या मापाच्या सायकली हाताने बनवणारे कारागीर आहेत.

तुमच्या मोहल्ल्यातही सायकलचे एखादे दुकान असेल. तेथील मिस्त्री चाकाचा आऊट काढताना एकेक तार किती बारकाईने आवळतो, ते कधी थांबून पाहा. चाक फिरवून, एक डोळा मिटून तो पाहतो आणि पुन्हा तार आवळतो. त्याचे नाव तुमच्या सायकलवर लिहिलेले नाही. पण तुम्ही रोज शाळेत सुखरूप पोहोचता, त्यात त्याच्या हाताचाही वाटा आहे.

शब्दार्थ

कसब – हाताचे कौशल्य, हुनर
कानस – धातू घासण्याचे हत्यार
सांधा – दोन वस्तू जोडल्याची जागा
जिवावर बेतणे – जीव जाण्याची वेळ येणे
चमू – संघ

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिली जिरो शर्यत कोणी जिंकली?
(आ) लोक मासी यांना 'शिंपी' का म्हणत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नळीचा पत्रा टोकांना जाड आणि मध्ये पातळ का ठेवतात?
(आ) स्वाराला कारागिराच्या इमानदारीवर भरवसा का ठेवावा लागतो?

३. वाक्यात उपयोग करा : आश्चर्य वाटणे, जिवावर बेतणे, भरवसा ठेवणे.

४. उपक्रम : जवळच्या सायकल मिस्त्रीला भेटा. सायकलच्या दहा भागांची नावे मराठीत व उर्दूत लिहून आणा.