पोटातल्या नळीपाशी कॅन्सर उगवतो का?

प्रश्न : माझ्या वडिलांना घशाचा कॅन्सर आहे. रेडिएशन सुरू होण्याआधी पोटातून नळी बसवून घ्या, असं डॉक्टर म्हणतात. पण त्या नळीच्या जागी कॅन्सर उगवतो, असं एका नातेवाइकांनी सांगितलं. हे खरं आहे का? मग नाकातली नळीच बरी नाही का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : असं घडू शकतं, पण फार क्वचित. बहुतेक पाहण्यांमध्ये हे प्रमाण शंभर रुग्णांत एक किंवा त्याहूनही कमी आढळलं आहे. तेवढ्या भीतीपोटी नळी नाकारू नये. ती कोणत्या पद्धतीने बसवणार, हे मात्र आधी जरूर विचारावं.

पोटाच्या त्वचेतून थेट जठरात जाणाऱ्या या नळीला ‘पेग’ म्हणतात. गॉडरर आणि पॉन्स्की या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या नेहमीच्या प्रकारात दुर्बीण तोंडावाटे जठरात नेतात आणि मग नळीही तोंडातून, घशातून, अन्ननळीतून ओढत आणून पोटाच्या भिंतीतून बाहेर काढतात. वाटेत घशात गाठ असेल तर नळी तिला घासते. गाठीतल्या काही पेशी नळीला चिकटून पोटावरच्या ताज्या जखमेत रुजू शकतात.

कधी पेशी रक्तावाटेही तिथे पोहोचत असाव्यात. कारण नळी घशातून न नेता, पोटावर शस्त्रक्रिया करून बसवलेल्या काही रुग्णांतही अशी गाठ आढळली आहे. तरी मोठी, वाढलेली आणि अजून उपचार न झालेली गाठ असताना तोंडातून नळी ओढणं, हीच सर्वांत जास्त जोखमीची परिस्थिती मानली जाते.

त्यावर पर्याय आहे. दुर्बिणीच्या किंवा एक्स-रेच्या मदतीने नळी बाहेरून, पोटाच्या त्वचेतून सरळ जठरात बसवता येते. मग ती गाठीला लागतच नाही. “नळी तोंडातून ओढणार की पोटावरून घालणार?” हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

नाकातल्या नळीसाठी पोटावर छेद लागत नाही, म्हणून हा धोकाही नाही. काही आठवड्यांपुरती गरज असेल तर ती चांगली. पण ती निसटते, तुंबते आणि रेडिएशनने सोललेल्या घशाला टोचते. महिनोन्‌महिने लागणार असेल तर पोटातली नळी सोयीची. वडिलांना किती काळ नळी लागेल, यावर निवड ठरवा.

नळी बसवल्यावर ती जागा रोज उजेडात नीट पाहा. नळीभोवती थोडा ओलसरपणा, लाली किंवा लालबुंद मांस वाढणं हे बऱ्याच जणांना होतं. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो किंवा नळीच्या घर्षणाने वाढलेलं साधं मांस असतं, आणि ते औषधाने व ड्रेसिंगने आटोक्यात येतं. पण उपचार करूनही ते वाढतच राहिलं, कडक गाठ लागली, पुन्हा पुन्हा रक्त येऊ लागलं किंवा व्रण भरेना, तर तुकडा काढून तपासायला सांगा. अशी गाठ नळी बसवल्यानंतर काही महिन्यांनीही दिसू शकते. त्यामुळे मुख्य उपचार संपले तरी, नळी काढल्यावरही, त्या जागेवर लक्ष असू द्या. गाठ कॅन्सरचीच निघाली, तर रुग्णाची प्रकृती आणि आजाराचा फैलाव पाहून शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा औषधं यांतून उपचार ठरवतात.

घरच्यांनी एक भीती मनातून काढून टाकावी. नळीतून पेज, दूध, डाळीचं पाणी दिल्याने किंवा ड्रेसिंग बदलल्याने कॅन्सर कुणाला लागत नाही. हात स्वच्छ धुवा आणि निर्धास्तपणे सेवा करा.

आणि वडिलांचं वजन दर आठवड्याला मोजून वहीत लिहून ठेवा. गिळता येईनासं झालं की माणूस झपाट्याने खंगतो आणि रेडिएशनमध्ये खंड पडतो. असा खंड पडला की आजाराला आवर घालणं अवघड होतं. नळीच्या जागी गाठ येण्यापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आणि रोजचा आहे, आणि नळीतून वेळच्या वेळी अन्न देऊन तो तुम्ही घरीच टाळू शकता.