टिटवी डोक्यावर का झेपावते?



‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. समुद्राने अंडी नेली म्हणून एवढासा पक्षी समुद्राशी भांडायला उभा राहिला, अशी त्यामागची कथा. रानपाखरू माणसावर का चालून येते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या म्हणीतच आहे.

अंबरपेठच्या कडेने मुसी नदी वाहते. तिच्या काठी शहराच्या सांडपाण्यावर म्हशींसाठी गवत पिकविण्याची रीत जुनी आहे. पाण्याजवळची अशी मोकळी राने टिटवीच्या आवडीची. गवत कापायला गेलेल्या माणसाच्या डोक्यावर ती ओरडत घिरट्या घालते, मध्येच खाली झेपावते. कित्येकजण तिचे ओरडणे अशुभ समजून दगड भिरकावतात. पण कारण बहुधा आपल्या पायाजवळच असते.

टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही. साधारणपणे मार्च ते ऑगस्ट या काळात ती उघड्या जमिनीवरील खळग्यात तीन-चार अंडी घालते. ती मातीच्या रंगाची असल्याने आपल्याला दिसत नाहीत. नर-मादी मिळून २८ ते ३० दिवस ती उबवितात. कडक उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात व अंडी थंड ठेवतात. चरणारे जनावर जवळ आले तर त्याच्यापुढे पंख पसरून त्याला बिचकवितात. इतक्या कष्टाचे धन पायाखाली जाणार असे दिसल्यावर ती गप्प कशी बसेल? बहुधा ती अंगाला न लागताच वळते. तिला इजा करायची नसते. आपल्याला तेथून हाकलायचे असते.

घार व कावळा यांच्यापासून मात्र जपावे. घारीचे घरटे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत उंच झाडावर असते, कावळ्याचे उन्हाळ्यात. पिल्ले असताना हे पक्षी पाठीमागून येऊन डोक्याला नखे किंवा चोच मारतात. दिल्लीतील घारींचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. जेथे लोक घारींना मांसाचे तुकडे टाकतात, तेथे त्या घरट्याजवळच्या माणसावर अधिक धावतात, असे त्यात दिसले. माणसाची भीती एकदा मेली की पक्षी धीट होतो.

कावळ्याची आठवणही दांडगी. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली मुखवटे घालून काही कावळे पकडले व सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसला की तेथील कावळे कलकलाट करीत. आपल्याकडे, मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात, एका मजुराच्या मागे कावळे तीन वर्षे लागल्याची बातमी २०१९ साली आली होती. जाळीत अडकलेले पिल्लू तो सोडवायला गेला, पण ते त्याच्या हातातच मेले. कावळ्यांनी त्यालाच मारेकरी ठरविले!

मग आपण काय करावे?

१. टिटवी ओरडू लागली की थांबावे, पायाखाली पाहावे. अंडी दिसल्यास चार पावले दूर काठी रोवून खूण करावी व तेवढा तुकडा महिनाभर राखावा. पिल्ले अंड्यातून निघताच थोड्या वेळात चालू लागतात व जागा सोडतात. टिटवी किडे, भुंगेरे, वाळवी खाते. ती शेतकऱ्याची शत्रू नाही.

२. घार किंवा कावळा मागे लागल्यास पळू नये. पक्ष्याकडे तोंड ठेवून सावकाश बाजूला व्हावे. त्या वाटेने जाणे भागच असेल तर डोक्यावर छत्री, टोपी किंवा पाटी घ्यावी.

३. घारींना मांसाचे तुकडे टाकू नयेत. कोंबडीची आतडी उघड्यावर फेकू नयेत, पुरावीत.

४. खाली पडलेले पिल्लू मुलांना उचलू देऊ नये. घरटे पाडण्यासाठी कोणालाही झाडावर चढवू नये. झाडावरून पडून मोडलेला हात चोचीच्या जखमेपेक्षा महाग पडतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घार व टिटवी यांना संरक्षण दिले आहे.

५. जखम झाल्यास ती वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली धुवावी. हळद, चुना, तंबाखू भरू नये. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी विचारावे. पक्ष्याच्या चोचीने किंवा नखाने रेबीज होत नाही, म्हणून त्या भीतीने घाबरून जाऊ नये. डोळ्याला लागल्यास चोळू नये, दाबू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

पक्ष्याचे हे भांडण थोड्या आठवड्यांचे असते. पिल्ले उडाली की ते आपोआप मिटते. तोवर वाट थोडी वाकडी करावी लागली, तर आपले काही बिघडत नाही.