हिवाळ्यातील डोंगरवाट : परतीची वेळ आधी ठरवा



गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या शाळेची आठवी-नववीची सहल पचमढीला गेली होती. चौरागढच्या शेवटच्या पायऱ्या समोर दिसत असताना आम्ही सर्वांना परत फिरवले. मुले हिरमुसली. "एवढ्या लांब नेले आणि दर्शनही नाही?" असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. यंदाही सहल त्याच वाटेने जाणार असल्यामुळे त्याचे उत्तर आम्ही येथे पाठाच्या रूपाने देत आहोत.

पचमढी सातपुड्यात सुमारे १०६७ मीटर उंचीवर आहे. सातपुड्याचे आणि मध्य प्रदेशाचे सर्वांत उंच शिखर धूपगढ (सुमारे १३५० मीटर) येथेच आहे. चौरागढ त्याहून थोडा कमी उंच. महादेवाच्या गुहेकडून जंगलातून पायवाट निघते आणि शेवटी पायऱ्या लागतात. या वाटेवर एकूण तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माथ्यावरील शिवमंदिरात नवसाचे त्रिशूळ वाहतात. महाशिवरात्रीला विदर्भातूनही असंख्य भाविक येतात. आपल्या आठवीतील एका मुलीच्या आजीचे माहेर विदर्भातले. त्यांनी नातीबरोबर एक लहान त्रिशूळ पाठवला होता. म्हणून परत फिरणे आम्हालाही सोपे नव्हते.

आता कारणे पाहू.

पहिले कारण उजेडाचे. डिसेंबरच्या आरंभी तेथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. शिवाय दरीत डोंगराची सावली लवकर पडते आणि झाडीत अंधार त्याहून आधी होतो. म्हणून हिशेब सूर्यास्तापासून उलटा करावा. मुलांचा मोठा गट उतरायला दोन तास, अडचणीसाठी राखून ठेवलेला अर्धा तास. साडेपाचातून अडीच तास वजा केले की तीन वाजतात. ही आमची परतीची वेळ, आणि ती आम्ही चढण्यापूर्वीच सर्वांना सांगितली होती.

दुसरे कारण थंडीचे. साधारणपणे दर हजार मीटर चढल्यावर हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्यातच हिवाळ्यात आकाश निरभ्र असते आणि सूर्य कलला की जमिनीतली उष्णता झपाट्याने निघून जाते. चढताना घाम येतो, सुती बनियन भिजते, आणि थांबताच तेच ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. त्यांच्यामध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि चढताना एखादा कपडा काढताही येतो. थंडीत तहान कमी जाणवते, पण घामाबरोबर पाणी जातच असते. तहान लागली नाही तरी घोट-घोट पाणी प्यावे.

तिसरे कारण उताराचे. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, म्हणून तोंडात 'ढलान' हाच शब्द आधी येतो. चढताना दम लागतो, पण पाय घसरतो तो बहुधा उतरताना. उत्तरेकडील सावलीच्या भागात हिवाळ्यात ऊन फारसे पोचत नाही. तेथे दगडावर दव टिकते, वाळलेल्या पानांखालची पायरी दिसत नाही, आणि थकलेले गुडघे लटपटतात.

त्या दिवशी काय झाले? न्याहारीला उशीर झाला. साडेदहाऐवजी पावणेएकला चढाई सुरू झाली. ही चूक मुलांची नव्हे, आमची. तीन वाजले तेव्हा वर जायला आणखी अर्धा तास लागला असता. उतरताना एका मुलाच्या जुन्या बुटाचा तळ सुटला. सुतळीने बांधत, थांबत यावे लागले आणि राखून ठेवलेला अर्धा तास त्यातच गेला. खाली पोचलो तेव्हा पाच वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. वर गेलो असतो तर याच मुलाला तासाभराची वाट अंधारात उतरावी लागली असती.

यंदासाठी सूचना :

१. न्याहारी सातला, चढाई नऊला सुरू होईल. उशीर झाला तरी परतीची वेळ तीच राहील.
२. बूट नवे नकोत, तसेच जुनाटही नकोत. पंधरा दिवस आधीपासून रोज घालून चालावे.
३. पातळ लोकरी कपडे, कानटोपी, कोरडी बनियन, लिटरभर पाणी, गूळ-शेंगदाणे आणि टॉर्च प्रत्येकाजवळ हवेच.
४. वाटेवर माकडे असतात. खाऊ हातात धरू नये, पिशवीत बंद ठेवावा.
५. दुखत असेल, थंडी वाजत असेल तर लगेच सांगावे. त्यात कमीपणा नाही.

आजींना आम्ही स्वतः घरी जाऊन त्रिशूळ परत दिला आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "पोरं सुखरूप आली, महादेव कुठे जातोय?" तो त्रिशूळ त्यांनी यंदा पुन्हा आमच्याकडे सोपवला आहे.

स्वाध्याय :
(अ) हीच चढाई जूनमध्ये केली, तर परतीची वेळ किती ठरवाल?
(आ) पिपरियाहून पचमढी सुमारे ७०० मीटर उंच आहे. दोन्हीकडच्या तापमानात साधारण किती फरक पडेल?