शेततळ्यांतील माशांची जोपासना व तिचें शिक्षण

२०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळें' ही सरकारी योजना निघाली व कोरडवाहू गांवांतून तळीं वाढलीं. तळें खणलें जातें पिकाच्या पाण्यासाठीं; त्यांत मासे सोडण्याची कल्पना मागाहून सुचते व बहुधा अपुऱ्या माहितीवर अमलांत येते. पहिल्या वर्षीं बीज मेलें कीं शेतकरी तो नाद सोडून देतो. यास्तव कोणतें ज्ञान आधीं हवें, याचा येथें विचार करूं.

कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. म्हणून तिन्ही एकत्र वाढवितां येतात. परंतु हे मासे स्थिर पाण्यांत आपोआप अंडीं घालीत नाहींत. पूर्वीं त्यांचें बीज पुराच्या वेळीं नद्यांतून धरून आणावें लागे. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं माशांच्या मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोंचून या वर्गांतील माशांचें प्रजनन बंदिस्त पाण्यांत घडवून आणलें, आणि ती अडचण दूर झाली.

नुकत्याच जन्मलेल्या पिलांस जिरें म्हणतात. तें स्वस्त म्हणून थेट तळ्यांत ओतल्यास पाणकिडे व मरळ त्याचा फडशा पाडतात. सोडावें तें बोटुकली, म्हणजे बोटाएवढें वाढलेलें बीज. हेक्टरीं ५,००० हें प्रमाण धरल्यास पांच गुंठ्यांच्या तळ्यास २५० नग पुरे होतात. एवढ्यासाठीं दूरचा प्रवास कोणास परवडणार? येथें सोसायटीचें काम लागतें. दहा-बारा सभासदांनीं मिळून एका स्वच्छ केलेल्या लहान तळ्यांत जिरें वाढवावें व दोन-तीन महिन्यांनीं बोटुकली वांटून घ्यावी. ज्यांचें तळें फाल्गुनांतच आटतें, त्यांनीं मागल्या वर्षीं राखून ठेवलेलें मोठें बीज पावसाच्या आरंभींच सोडावें, हें अधिक चांगलें.

खरें नुकसान होतें तें पहांटे. दिवसा पाण्यांतील हिरवें शेवाळ प्राणवायु निर्माण करतें. रात्रीं तेंच तो वापरूं लागतें. म्हणून सूर्योदयापूर्वीं पाण्यांत प्राणवायु सर्वांत कमी असतो, व आभाळ भरून राहिल्यास अधिकच. मासे वर येऊन तोंड उघडमीट करूं लागले, तर त्यांना भूक लागली असें समजून खाद्य टाकणें ही घातक चूक होय. अशा वेळीं खाद्य व शेणखत बंद करावें, पाणी खळबळवावें व शक्य असल्यास ताजें पाणी उंचावरून सोडावें.

ही गोष्ट फळ्यावर खडूनें शिकवून कळत नाहीं. कृषि विज्ञान केंद्रांच्या वर्गांचा उपयोग आहेच. परंतु एक पाठ तळें भरण्यापूर्वीं, एक बीज सोडतांना व एक पहांटे कांठावर झाला पाहिजे. भोई व ढीवर मंडळींस पाण्याचा रंग पाहूनच पुष्कळ समजतें. त्यांना मेहनताना देऊन शिकवावयास बोलवावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्लॅस्टिकचें अस्तर असलेल्या तळ्यांत चिखल नसल्यामुळें नैसर्गिक अन्न कमी असतें. तेथें शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून, माशांच्या एकूण वजनाच्या शेंकडा दोन-तीन प्रमाणांत, रोज ठराविक वेळीं द्यावा. असें तळें निसरडें असतें. भोंवतीं कुंपण घालावें व कांठास गांठी मारलेला दोर कायमचा बांधून आंत सोडावा.

पाणी तीन-चार फुटांवर आलें कीं मोठे मासे आधीं काढून आठवड्याच्या बाजारीं न्यावेत. उरलेलें पाणी पिकास उत्तम. मात्र उपसा करतांना पंपाच्या नळाच्या तोंडाशीं बारीक जाळी बांधावी.