तापाची तारीख

सई, डोंबिवलीला घर घेतलंस, गॅलरीत मनीप्लांटच्या बाटल्याही मांडल्यास. सुरेख दिसतात हो! आता जरा आत्याजवळ बस. ठाण्यात चाळीस पावसाळे काढले, त्यात चुकत चुकत जे शिकले ते तुला आयतं देते.

१. रविवार हा पाणी ओतायचा वार धर. बाटल्या, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळं — डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटायला आठ-दहा दिवस लागतात, तू त्याआधीच त्याचं बिऱ्हाड उठवायचं.

२. नुसतं ओतू नकोस, काथ्याने आतून घास — अंडी कडेला चिकटतात आणि कोरडीच महिनोन्‌महिने तग धरतात. या डासाला स्वच्छ पाणी आवडतं गं. डास पाळला बाटलीत, बोट दाखवलं नाल्याकडे!

३. गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसलंय ना, ते वर जाऊन बघ — शहरातला मलेरियाचा डास तिथेच वाढतो.

४. ताप आला की कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिही, दुधाच्या हिशेबाशेजारी — डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत खरी बोलते, त्यानंतर रक्तातली प्रतिपिंडं बघावी लागतात. तुझ्या दादाच्या वेळी मी डॉक्टरांना ‘परवापासून’ म्हणाले, आणि तो सहावा दिवस होता. रिपोर्ट स्वच्छ आला, आम्ही निर्धास्त झालो, आणि दोन दिवसांनी त्याला सलाइन लावून बसले होते. तेव्हापासून पेन कॅलेंडरलाच बांधलाय.

५. डेंग्यूचा ताप उतरला की पुढचे दोन दिवस जास्त जप — खरा धोका तेव्हाच असतो. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, माणूस मलूल, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नकोस, दवाखाना गाठ. आणि अंगदुखीवर मनाने गोळी घेऊ नये, पॅरासिटामॉल सोडून बाकीच्या कित्येक गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

६. तुंबलेल्या पाण्यातून घरी आलीस तर पाय साबणाने धू, आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना प्रतिबंधक गोळीचं विचार — उंदराच्या मुतातून लेप्टोच्या तापाचा जंतू पाण्यात येतो आणि पायावरच्या बारीक चिरेतून आत शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुराचं पाणी ओसरलं, तेव्हा लोकांना वाटलं संकट टळलं. लेप्टोचे ताप पुढे ऑगस्टमध्ये आले.

७. इमारतीत दोन घरांत कावीळ झाली तर कालचं जेवण आठवत बसू नका, गेल्या महिन्याचं पाणी आठवा — दूषित पाण्याची कावीळ दोन आठवड्यांपासून दीड महिन्यापर्यंत लपून राहते. नळाची जोडणी गटारातून जाते का, ते सोसायटीला बघायला लाव. तोवर पाणी उकळून.

८. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासून घे, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते — टीबीचे जंतू बंद खोलीत हवेत तरंगत राहतात, म्हणून खिडकीही उघडी ठेव.

९. पालिकेची माणसं किंवा आशाताई दारात येऊन ‘कोणाला ताप?’ विचारतील, तेव्हा ‘कोणी नाही’ म्हणून दार लावू नकोस — तुझा एक ताप त्यांच्या वहीत गेला, शेजारच्या गल्लीतले दोन गेले, की साथ कुठून सरकतेय ते त्यांना दिसतं. महाराष्ट्रातला कोरोनाच्या ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण तुमच्या डोंबिवलीचाच, डिसेंबर २०२१ मधला. दक्षिण आफ्रिकेहून दुबई, दिल्ली करत आलेला. दिल्ली-मुंबई विमानातल्या त्याच्या सहप्रवाशांनाही गाठून तपासलं होतं. कोण कुठून आलं आणि कोणाशेजारी बसलं, एवढ्या साध्या माहितीवर हे सगळं चालतं गं.

तुझ्या भिंतीवर कॅलेंडर नाही, बघितलंय मी. पुढच्या रविवारी येताना कालनिर्णय आणते. स्वयंपाकघरात खिळा तेवढा ठोकून ठेव.