करंजीचं मोहन परदेशात कशाचं?

जर्मनी
दुकानात ‘श्माल्त्स’ दिसलं की पूर्ण शब्द वाचा. ‘श्वाइनेश्माल्त्स’ म्हणजे डुकराची चरबी, ‘गेन्झेश्माल्त्स’ हंसाची. ‘बुटरश्माल्त्स’ मात्र चक्क तूप. लोण्याच्या आसपास ठेवलेलं असतं, बेसनलाडवालाही चालतं. ब्रेत्सेलमध्ये काही बेकऱ्या चरबी घालतात. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, कुणी राग मानत नाही.

इंग्लंड (मूळ गाव किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम)
आईनं घरचं तूप आणि शंकरपाळे पाठवले. भारतातून तूप आणता येत नाही, नियम मान्य. पण शंकरपाळ्यांचं काय? एका खिडकीवर म्हणे चालतात, फोनवर म्हणे घटक लिहून द्या. लिहून दिले तर ‘मोहन’ म्हणजे काय ते समजवा! शेवटी डबाच गेला. दिवाळी झाल्यावर नष्ट केल्याचं पत्र आलं, वर शुल्काची पावती. बाप्पा, हे कुणाले सांगाव? म्हणून सांगतो, गावाहून काही मागवूच नका. तूप इथल्या देशी दुकानात मिळतं. इथे बिस्किटावर ‘शाकाहाऱ्यांसाठी योग्य’ असं छापलेलं शोधा. नुसतं ‘ई ४७१’ लिहिलेलं असेल तर ते वनस्पतीचंही असतं, प्राण्याचंही. यॉर्कशरकडे चिप्स गाईच्या चरबीत तळतात, तेही ध्यानात ठेवा.

अमेरिका
आमच्या घरी डुक्कर चालतं, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते. शॉर्टनिंगऐवजी लार्ड घालायचं तर वजनाला वजन घ्या, दोन्ही जवळपास निव्वळ स्निग्धांश. लोण्यात पाणी असतं, म्हणून १२५ ग्रॅम लोण्याच्या जागी १०० ग्रॅम लार्ड पुरतं. मग पीठ भिजवताना पाणी किंचित वाढवा. पायच्या पारीला लार्ड थंडगार हवं, बोटांनी चोळताना वितळलं तर पापुद्रे सुटत नाहीत. गोडासाठी ‘लीफ लार्ड’ घ्या. ते मूत्रपिंडाभोवतालच्या चरबीचं, वास जवळजवळ नाही. खारीला मला तेच आवडतं, सासूबाईंना सांगू नका.

न खाणाऱ्यांनी मेक्सिकन दुकानात ‘मान्तेका’ टाळावं, ‘मान्तेका वेहेताल’ म्हणजे वनस्पती. डब्यातल्या वाटलेल्या राजम्यातही लार्ड असतं.

इथलं क्रिस्को १९११ साली सरकीच्या तेलापासून निघालं, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या ओळखीचंच. पण २०१८ पासून अर्धवट हायड्रोजनीकृत तेलांना इथे बंदी आली. त्यामुळे आताचं शॉर्टनिंग जुन्या डालड्यासारखं वागेलच असं नाही. नानखटाई पहिल्यांदा चार-पाचच भाजून बघा. तूप वापरत असाल तर थिजलेलं फेसा आणि गोळे भाजण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पसरतात.

एका ज्येष्ठ काकांकडून
कुठलं मोहन याची चर्चा तरुण मंडळींनी जरूर करावी, पण करंज्या विकत आणू नयेत. मुलांना पोळपाटाशी बसवा. मुरड घालायला शिकलेलं मूल मराठी विसरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

(कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून कुणी लिहिलं नाही. चकलीच्या भाजणीबद्दल सतरा पानं आली आहेत, ती पुढच्या भागात.)