व्हीपीएनची निवड आणि खासगीपणाच्या मर्यादा

व्हीपीएन म्हणजे आपला मोबाइल आणि दूरचा एखादा सर्व्हर यांच्यामधील कूटबद्ध मार्ग. या मार्गाने गेल्यास आपण कोणती संकेतस्थळे पाहिली हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीस दिसत नाही. संकेतस्थळांनाही आपल्याऐवजी त्या सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो. मात्र जे इंटरनेट कंपनीस दिसत होते, ते आता व्हीपीएन चालवणाऱ्यास दिसू शकते. म्हणून निवडीचा खरा प्रश्न वेगाचा वा किमतीचा नसून विश्वासाचा आहे.

फेसबुकच्या मालकीचे ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे मोफत व्हीपीएन माहितीचे रक्षण करणारे म्हणून लोकांपुढे आणले गेले होते. प्रत्यक्षात वापरकर्ते कोणते ॲप किती वेळ वापरतात, याची माहिती मूळ कंपनीच्या व्यापारी हितासाठी गोळा होत होती. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड ठोठावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वीडनच्या ‘मुलवाड’ कंपनीत पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन गेले, आणि ग्राहकांच्या नोंदीच ठेवल्या जात नसल्याने रिकाम्या हातांनी परतले. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ असे जाहिरातीत कोणीही लिहू शकतो. कसोटीस उतरलेली उदाहरणे थोडीच.

कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते, हेही पाहावे. आपल्याकडे ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, आयपी पत्ते इत्यादी तपशील किमान ५ वर्षे जपणे बंधनकारक झाले. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले.

आता मर्यादांविषयी. गूगलच्या खात्यात प्रवेश केलेला असेल, तर व्हीपीएन असूनही गूगल आपणांस ओळखतेच. ॲपला दिलेली ठावठिकाण्याची परवानगीही तशीच राहते. बँकेचे व्यवहार तर एचटीटीपीएसमुळे आधीच कूटबद्ध असतात, तेथे व्हीपीएनने फारसे काही वाढत नाही.

वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना खरा धोका वेगळाच आहे. शिष्यवृत्तीच्या नावाने आलेल्या बनावट दुव्यावर आधार क्रमांक, जातीचा दाखला आणि ओटीपी भरून दिला, तर व्हीपीएन ती माहिती भामट्याकडे अगदी सुरक्षितपणे पोहोचवील! शासकीय शिष्यवृत्तीचा अर्ज अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करूनच भरावा, आणि पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा; रक्कम दुसऱ्या खात्यांत वळण्याआधी ती रोखता येण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.